बादलीभर पाण्यात

आज सकाळी रत्नागिरीतल्या भाट्याच्या बीचवर आम्ही पाच-सहा जण प्लास्टिक गोळा करायला गेलो, गोळा करणं दोन तासात झालं पण खरा वेळ गेला तो सुरुच्या सावलीत बसून सॉर्टिंग करताना. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकच्या जातीचा नंबर असतो, १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली, २ म्हणजे एचडीपीई, शाम्पूच्या बाटल्या वगैरे, ५ म्हणजे पीपी, इथवर ठीक, पण वाळूने घासून आणि उन्हाने किती तरी वस्तूंवरचा नंबरच गेलेला!

मग भंगारवाले काका म्हणाले, बादलीत पाणी घेवा आणि तुकडा टाकून बघा. बाटलीचा तुकडा सरळ तळाला आणि तिचंच निळं झाकण वर तरंगतंय. एकाच बाटलीत प्लास्टिकच्या दोन जाती, म्हणून झाकण काढून वेगळं ठेवायचं, प्लीज एवढं तरी कराच. जाळ्यांचंही तेच, नायलॉन बुडतं, हिरवी दोरी तरंगते.

थर्माकोल मात्र ६ नंबरचा, म्हणजे एरवी बुडणाऱ्या पॉलिस्टायरीनचा, असून तरंगतो कारण आत हवा. तो काका घेत नाहीत, वजनच भरत नाही ना. मासळीच्या खोक्यांच्या तुकड्यांच्या तीन गोणी आमच्या पडवीत पडल्यात, रत्नागिरीत कोणी घेणारं असेल तर सांगा.