आईची स्मरणशक्ती तपासायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिची चाल पाहिली

आई नुकतंच बोललेलं विसरायला लागली होती. तेच प्रश्न पुन्हा विचारायची, औषध घेतलं की नाही याचा गोंधळ व्हायचा. वय झालं की असं होतंच, असं सगळे म्हणत होते, पण मला ते पटेना. म्हणून वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली.

त्यांनी तिला आधी खुर्चीतून उठायला लावलं. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. या चाचणीला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आईला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, वळताना तर तिने तीन-चार छोटी पावलं टाकली. मग हात छातीशी घडी करून पाच वेळा उठबस, आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून उभं राहणं.

त्यानंतर मोका नावाची चाचणी झाली. घड्याळ काढायचं, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने आठवून सांगायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं. एकूण गुण ३०, साधारणपणे २६ किंवा अधिक असतील तर ठीक मानतात. शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. आईला शब्द आठवेनात आणि तिचा चेहरा पडला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काकू, ही परीक्षा नाही. तुम्हाला मदत कुठे लागते ते मला कळायला हवं, एवढंच." या वाक्याचा मला फार आधार वाटला.

पण सगळ्यात बोलकी निघाली ती तिसरी चाचणी, चालता चालता उलटे अंक म्हणायची. आई दोन-तीन आकडे म्हणाली आणि उभीच राहिली. अंक सांगायचे तर पाय थांबत होते आणि पाय चालले की अंक सुटत होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली 'द लान्सेट'मध्ये हेच मांडलं होतं: बोलायला लागलं की चालणं थांबवणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं. तरुणपणी चालणं जवळजवळ आपोआप होतं. वय वाढलं की तोल सांभाळायला मेंदूचा पुढचा भाग जास्त राबतो, आणि लक्ष देणं, हिशेब करणं, ठरवणं हेही त्याच भागाचं काम. शिवाय वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यामुळे विचारांचा वेग मंदावतो आणि पावलंही मंदावतात. गुडघे एका डॉक्टरकडे आणि विसरभोळेपणा दुसऱ्याकडे दाखवत राहिलं असतं, तर हा धागा आमच्या हाती लागलाच नसता असं मला ठामपणे वाटतं.

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी त्यांनी मागवून घेतली होती. तिच्यात खाजेसाठीची जुन्या पद्धतीची अ‍ॅलर्जीची गोळी निघाली. असल्या गोळ्यांनी झापड येते, स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि तोलही जातो. ती त्यांनी बदलून दिली. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, कान तपासले, डोळे तपासले. कानाचं यंत्र लावायला आई आधी तयार नव्हती. नातवंडाचं बोलणं नीट ऐकू यायला लागल्यावर तयार झाली.

निदान सौम्य स्वरूपाच्या बौद्धिक घसरणीचं झालं, स्मृतिभ्रंशाचं नाही. उपचारांत मुख्य भर व्यायामावर होता. फिजिओथेरपिस्टने सुरुवातीला फक्त ताकद आणि तोल यांवर काम केलं: खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, आधार धरून एका पायावर उभं राहणं. पाय भरवशाचे झाल्यावरच बोलणं जोडलं. आधी चालताना फुलांची नावं सांगायची, मग उलटी मोजणी. घरी करताना मी तिच्या शेजारून चालायचे, दुसऱ्या बाजूला भिंत असायची. तोल सावरायच्या आधी चालताना बोलायला लावू नका, हे मी कळकळीने सांगते. पडून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होऊन बसतं.

पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा सराव करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई तिथवर हळूहळू पोचली. गुडघे दुखले की तिचे खाडे व्हायचे, तेव्हा नुसती उठबस करून घ्यायची.

पुढच्या तपासणीत तिची चाल स्पष्टपणे सुधारली होती, वळणं सफाईदार झालं होतं, चालताना ती मोजतही राहिली. मोकाचे गुण मात्र जवळपास तेच होते. मी थोडी हिरमुसले. डॉक्टर म्हणाले की या टप्प्यावर गुण टिकून राहणं हीसुद्धा चांगली बातमी आहे, आणि पुढची तारीख लिहून दिली. गोळ्यांसाठी आता वारांचे कप्पे असलेली डबी आहे. ती आई स्वतः भरते, मी फक्त बघून घेते.