पूर, चिखली आणि अडलेली म्हैस

२०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतली कितीतरी माणसं बोटीत बसायला तयार नव्हती. लांबून बघणाऱ्यांना तो आडमुठेपणा वाटला. मला तसं कधीच वाटलं नाही. मी जनावरांची डॉक्टर. करवीर तालुक्यात नोकरी, त्यामुळं कुणाचा गोठा कुठल्या घरामागं आहे हे पाठ. ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत, तो माणूस दावण तशीच सोडून बोटीत कसा चढेल? दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, सोसायटीचं कर्ज, पोराच्या कॉलेजची फी, सगळा हिशोब त्या दावणीवर उभा असतो. बचावाचं काम करणाऱ्या सगळ्यांना हे कळावं म्हणून त्यातला एक दिवस लिहिते आहे.

कोल्हापूरकराला नदी फुटांत कळते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा, ४३ झाले की धोका. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी "किती फूट?" हा प्रश्न घरोघर असतो. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर या घाटाकडच्या पट्ट्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती हे सगळं पाणी येतं ते चिखलीजवळच्या संगमावर. वरून येणारं पाणी एक वेळ समजतं, पण पुढं जायलाही त्याला वाट नसते. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं आणि फुगवटा मागं सरकत येतो. म्हणून आमच्याकडं पाऊस उघडला तरी पूर लगेच उतरत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद, शहराला पिण्याचं पाणी देणारे पंप बुडालेले, पेट्रोल मिळेना. दुधाच्या गाड्या गावात पोचत नव्हत्या.

फोन आला तो चिखलीच्या एका पोराचा. "मॅडम, म्हस अडलीया. रात्रीपासनं कळा देतीया, पण पाणमोटच दिसंना. आन् आमी स्लॅबवर हाय." पाणमोट म्हणजे रेडकाच्या आधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी.

शिवाजी पुलाकडून बोट जाणार होती. जवानांची रबरी बोट, त्यात वाट दाखवायला गावचाच एक माणूस, कारण खाली विजेच्या तारा आणि पत्र्याच्या कडा कुठं आहेत हे नकाशावर दिसत नाही. मी पिशवी दोन प्लास्टिकच्या पोत्यांत बांधून घेतली होती. प्रसूतीचे दोर, लांब हातमोजे, लिक्विड पॅराफिन, सलाईन, कॅल्शियम, थोडी इंजेक्शनं. दोन्ही बाजूंना उसाचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते. उभं पीक कुठं होतं ते फक्त पाण्यावरच्या वेगळ्या तरंगांवरून ओळखायचं. एका गोठ्याच्या कौलांखालून म्हशीचा आवाज आला आणि मग आला नाही. बोटीत कुणीच काही बोललं नाही.

ते घर दुमजली, वरची खोली अर्धवट बांधलेली. पाणी जिन्याच्या वरच्या टप्प्याला लागलेलं. पाणी वाढायला लागलं तसं घरमालक तात्यांनी आणि पोरांनी जिन्यावर पिंजर अंथरून तीन म्हशी वर नेल्या होत्या. जिना चढायला म्हैस तयार होते, उतरायला होत नाही; पण तो विचार करायची ती वेळ नव्हती. म्हशींबरोबर आजी, सून आणि दोन लहान पोरं. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली चूल. कासेत दूध ठेवलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, होते, म्हणून सून दोन्ही वेळा धार काढत होती. न्यायला गाडी नाही, साठवायला भांडं नाही. पोरांना पाजून उरलेली बादली तिनं माझ्यासमोर कठड्यावरून पुरात ओतली. ओतताना तिनं तोंड फिरवून घेतलं होतं.

गाभण म्हैस तिसऱ्या-चौथ्या वेताची, चांगल्या अंगाची, मुऱ्हा जातीची. मागचे पाय झाडत होती, उठत-बसत होती. हात घातला. वाट पुढं गेल्यावर उजव्या अंगाला आवळत गेली आणि बोटांना वळ्या लागल्या. गर्भाशयाला पीळ पडला होता. पिशवीचं तोंड पिळून घ्यावं तसं आतून होतं. म्हशीत हे गाईपेक्षा जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा पीळ उजव्याच बाजूला असतो. अशा वेळी रेडकू ओढायचा प्रयत्न केला तर गर्भाशय फाटतं. आधी पीळ सोडवायचा. त्यासाठी म्हैस ज्या बाजूला पीळ आहे त्या कुशीवर पाडायची, पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधायचे, पोटावर लांब फळी ठेवून तिच्यावर एका माणसानं उभं राहायचं आणि पिळाच्याच दिशेनं म्हैस झटक्यात लोळवायची. फळीच्या दाबानं आतलं गर्भाशय जागेवर धरून राहतं आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते. पीळ ज्या दिशेचा, त्याच दिशेला लोळवायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. तात्यांनाही वाटलं. "आवो, आनि आवळंल की!" म्हणाले. मी समजावत बसले नाही. "तात्या, तुम्ही डोकं धरा," एवढंच म्हटलं.

हे सगळं एरवी शेतातल्या मऊ जागेवर करायचं काम. इथं ओला स्लॅब, एका बाजूला कठडाच नाही, आणि खाली दहा-बारा फूट पाणी. पाच-सहाशे किलोचं जनावर जरा घसरलं तर ओढणाऱ्या माणसांना घेऊन गेलं असतं. होती नव्हती ती सगळी पिंजर मधोमध अंथरली, वर ताडपत्री. अर्धवट बांधकामाची सेंटरिंगची फळी तिथंच पडलेली होती. कासरा टाकून म्हैस पाडली. फळीवर कोण उभं राहणार हा प्रश्न आला तेव्हा बोटीतला एक जवान लाइफ जॅकेटसकट पुढं आला. हरियाणाकडचा. त्याच्या घरी म्हशी होत्या. फळी कुठं ठेवायची हे त्याला सांगावं लागलं नाही.

पहिल्या लोळवणीत काही झालं नाही. हात घालून बघितलं, वळ्या तशाच. म्हैस पुन्हा आहे त्या कुशीवर आणली. पाऊस इतका की सगळ्यांचे हात दोरावरून सुटत होते. आजी कोपऱ्यातून एकसारखं जोतिबाचं नाव घेत होत्या. दुसऱ्यांदा ओढताना मी आवाज देऊन सगळ्यांना एकदम ओढायला लावलं. म्हैस फिरली आणि मागून भसकन पाणी आलं. ते पाणी बघितल्यावर जे वाटतं ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल. हात घातला तर वाट सरळ, आणि बोटांना रेडकाचे दोन खूर. एक खूर चिमटून बघितला. त्यानं पाय आत ओढून घेतला. जिवंत होतं.

हात धुवायला स्वच्छ पाणी नव्हतं. गावभर पाणी, पण त्यात बुडालेले संडास, मेलेली जनावरं, खताची पोती. सुनेनं खोलीच्या पत्र्याची पन्हाळ जिथं पडत होती तिथं घागर लावून ठेवली होती. तेच पाणी वापरलं. गर्भाशयाचं तोंड पुरतं सैल व्हायला वेळ लागला. सलाईन लावून वाट बघितली आणि मग कळेबरोबर हळूहळू ओढलं. रेडी झाली. नाक-तोंड साफ केलं, पिंजरीनं छाती चोळली, तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला. आजींनी स्वतःचं लुगडं फाडून तिला पुसलं. तासाभरात चीक पाजा, वार पडली की ती लांब टाका, असं सुनेला सांगत होते तर ती म्हणाली, "म्हायती हाय मॅडम. पर तिला खायाला काय घालू?"

खरा प्रश्न तोच होता. अंथरलेली पिंजर शेणामुतात गेलेली. पेंडीचं पोतं भिजून आंबलेलं, ते घातलं तर पोट फुगून जनावर जाणार. आणि जवान सांगत होते, पाणी अजून वाढणार, बायका-पोरांना आत्ताच न्यायचं. आजी हलायला तयार नाहीत. "ह्यांच्या तोंडात काय घातल्याबिगर मी न्हाई हलायची. तुमी जावा."

बोटीचा जो प्रमुख होता त्याच्याशी मी बोलले. त्याचा नियम साधा होता, बोट माणसांसाठी. तो चुकीचा नव्हता. शेजारच्या गल्लीत छपरांवर माणसं होती. मी त्याला म्हटलं, तुम्ही ह्या एका घराकडं किती वेळा येऊन परत गेलात? पुढच्या फेरीत चार पोती पेंड आणि वैरणीच्या पेंढ्या आणा, ही बाई स्वतः बोटीत बसेल. फळीवर उभा राहिलेला जवान त्याच्या भाषेत त्याला काहीतरी म्हणाला. प्रमुखानं थोडा विचार केला आणि मान हलवली.

पेंड आली. पुलाजवळ थांबलेल्या पोरांनी कुठून गोळा केली ते मी विचारलं नाही. आजींनी स्वतःच्या हातानं तिन्ही म्हशींपुढं घमेली ठेवली, रेडीला एकदा हात लावला आणि बोटीत बसल्या. सून आणि पोरं त्यांच्या मागून. तात्या आणि थोरला पोरगा जनावरांपाशी राहिले. पेंडीची पोती उतरताना आजूबाजूच्या स्लॅबवरच्या लोकांनी बघितलं होतं. "आमाकडंबी टाका की" अशा हाका सुरू झाल्या, आणि त्या संध्याकाळी तीन-चार घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी आपणहून हात वर केले. पेंड त्यांच्याकडंही गेली.

पूर ओसरल्यावरचे दिवस जास्त वाईट गेले. दाव्याला बांधलेल्या म्हशी दाव्यालाच मेल्या होत्या. म्हैस पोहते, दावं कापलेली कितीतरी जनावरं दुसऱ्या गावच्या शिवारात जिवंत सापडली. जेसीबीनं खड्डे काढून, चुना टाकून पुरायचं, आणि प्रत्येकाआधी पंचनामा. सरकारच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे दुभत्या म्हशीला ३०,००० रुपये. त्या पैशात तशी म्हैस बाजारात मिळत नव्हती. वाचलेल्यांना दगडी, खुरांत जखमा, पोटफुगी. स्लॅबवरच्या म्हशी उतरवायला तात्यांनी जिन्यावर वाळूची पोती रचून उतार केला. गाभणी म्हणून वर गेलेली ती म्हैस रेडीला मागं घेऊन खाली आली.

२०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. त्या वेळी माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी पाणी चढायच्या आधीच जनावरं ट्रॅक्टर-ट्रॉलीत घालून उंचावरच्या सोनतळीकडं काढली होती, आणि त्यांच्यामागून माणसं बोटीची वाट न बघता चालत निघाली. पण तिथं म्हशींना पत्र्याचं छप्पर नव्हतं आणि वैरण दोन दिवसांत संपली. पूर येण्याआधी उंचावर सुकी वैरण आणि पेंड साठवून ठेवायला एक मोठं शेड लागतं, चार-पाच गावांना मिळून एक. मी हे प्रत्येक आढावा बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

मेच्या अखेरीस घटसर्पाची लस टोचायला गावात जाते, तेव्हा वहीत गाभण जनावरांची वेगळी यादी करते. कुठली म्हैस जुलै-ऑगस्टात विणार, तिचा गोठा नदीपासून किती खाली, घरात ट्रॉली आहे की शेजाऱ्याची मागावी लागेल. तात्यांच्या घरापुढं मागच्या खेपेला त्या रेडीचंच नाव लिहिलं. तिचं दुसरं वेत, तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. "तिला ३९ फुटालाच हलवा," म्हटलं. तात्या म्हणाले, "३७ लाच हलिवतो. सोनतळीला पाव्हण्याकडं जागा बघून ठेवलीया."