प्लगइन काढल्यावर काय उरते?

बेळगावात संकेतस्थळ करून घेणाऱ्या व्यावसायिकाची पहिली अट बहुतेक वेळा भाषेची असते. शहापुरातील साडी दुकानदाराला मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाने हवी असतात, तर उद्यमबागेतील फाउंड्रीवाल्याला त्यांच्या जोडीला इंग्रजीही लागते. संकेतस्थळे उभारण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या मूळ प्रणालीत एकाच पानाची निरनिराळ्या भाषांतील रूपे परस्परांशी जोडण्याची सोय नसल्यामुळे हे काम प्लगइनवर, म्हणजे वरून बसवायच्या जोड-सॉफ्टवेअरवर, सोपवावे लागते, आणि कोणते प्लगइन उतरवून घ्यावे हा प्रश्न मला रंगसंगतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

मॅक्रोमीडियाने १९९७ साली आणलेल्या आणि २००५ मध्ये ॲडोबीकडे गेलेल्या ड्रीमवीव्हर या पाने बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या काळात ही चिंता फारशी नव्हती. त्याची एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-सुविधा, आपल्या संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये बसत. त्यांच्या मदतीने तयार झालेला मेनू किंवा फॉर्म एकदा पानात उतरला, की पुढे एक्स्टेन्शन काढून टाकले तरी पान सहसा बिनबोभाट चालत राही. वर्डप्रेसचे प्लगइन मात्र संकेतस्थळाच्या आतच मुक्काम करते. २००४ च्या १.२ आवृत्तीपासून रुळलेल्या हुक पद्धतीमुळे पान तयार होताना ठरावीक टप्प्यांवर प्लगइनचा कोड चालतो आणि त्याला मजकूर जिथे साठतो त्या डेटाबेसला थेट हात लावण्याचीही मुभा असते.

म्हणून प्लगइन काय काय करते यापेक्षा ते काढल्यावर मागे काय उरेल, हे मी आधी पाहतो. एके काळी लोकप्रिय असलेले क्यूट्रान्सलेट हे भाषांचे प्लगइन सर्व भाषांतील मजकूर एकाच नोंदीत, खुणांनी वेगळा करून साठवत असे. वापरायला ते सुटसुटीत होते, यात शंका नाही; परंतु ते बंद केले, की वाचकासमोर मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकूर एकापुढे एक येऊन पडे. मूळ निर्मात्याचे काम थांबल्यावर इतरांनी त्याच्या पुढील आवृत्त्या काढल्या, तरी साठवणीची ही अडचण मुळातच होती. पॉलीलँग हे त्याच कामाचे दुसरे प्लगइन प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र नोंद ठेवते आणि त्या नोंदींचा परस्परसंबंध तेवढा वेगळा नोंदवते. ते काढल्यास भाषा बदलण्याचा दुवा जाईल, पण प्रत्येक पानाचा मजकूर अखंड राहील. माझी पसंती त्यामुळेच पॉलीलँगला आहे, जरी वूकॉमर्स या वर्डप्रेसच्या दुकान-प्लगइनवर ऑनलाइन विक्री करायची असल्यास त्याची सशुल्क जोडणी घ्यावी लागते आणि तो खर्च ऐकून आमच्याकडील दुकानदाराच्या कपाळावर आठी उमटते.

आणखी एक लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. असे प्लगइन प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा नोंदवते, आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर मराठी पानावर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नव्हे. सीमाभागातील वाचक पाटीवरच्या अक्षरांकडेही डोळ्यांत तेल घालून पाहतो, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये.

ग्राहकाच्या चालू संकेतस्थळावर कोणतेही नवे प्लगइन थेट चढवण्याऐवजी मी ते संगणकावरील प्रतीत बसवतो, तिन्ही भाषांत थोडा मजकूर भरतो, मग प्लगइन बंद करून तीच पाने पुन्हा उघडतो आणि त्यानंतरच दुकानदाराला किंमत कळवतो.