सूर आधी कानात, मग बांबूत

भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करू लागलो तेव्हा अडचण आली ती पट्टीची, म्हणजे कुणाचा षड्ज (सा) हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर याची. एक गायिका काळी पाचमध्ये गाणार, पुढचे गायक पांढरी दोनमध्ये, आणि निवेदकाचं बोलणं संपेपर्यंत माझ्या हातात दुसरी बासरी हवी. विकतच्या बऱ्याच बासऱ्या मंद्रात (खालच्या सप्तकात) सुरेल वाजायच्या आणि तारात (वरच्या सप्तकात) सुरापेक्षा खाली उतरायच्या. शेवटी स्वतःच घडवायला बसलो. आज वादन आणि बासऱ्या करणं या दोन्हींवर माझं घर चालतं.

बांबू आसामातून मागवावा लागतो. आपल्याकडची मानवेल जवळजवळ भरीव, कळकाची भिंत जाड. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रागदारीसाठी सुमारे ३२ इंचांची बासरी रूढ केली. तेवढी लांब बासरी करायची तर मध्ये गाठ नसलेलं, पातळ भिंतीचं लांब पेर हवं, आणि ते तिकडच्या जातींत मिळतं. आलेला माल सावलीत वाळत ठेवतो. काही नळ्या वाळतानाच तडकतात, त्या बाजूला काढायच्या. घाई करून ओल्या बांबूची बासरी केली तर ती पुढे वाजवणाऱ्याच्या हातात तडकते.

भोकं तापलेल्या सळईने पाडतो. आधी फुंकेचं भोक, मग टोकाकडून लांबी कापत सगळी बोटं बंद ठेवून मंद्र पंचम मिळवायचा, आणि त्यानंतर खालून वर एकेक भोक. प्रत्येक भोक मुद्दाम लहान पाडायचं. लहान भोक कानशीने वाढवून स्वर चढवता येतो. मोठं झालेलं भोक लहान करणं फार अवघड.

खरी कसोटी सप्तकांची. मध्य षड्ज जुळला म्हणजे तार षड्ज जुळलाच असं नाही. फुंकेच्या भोकापलीकडे नळी बंद करणारं बूच असतं. ते भोकापासून दूर सरकलं की वरचे स्वर उतरतात, जवळ आणलं की चढतात. केसभर बूच हलवायचं आणि पुन्हा सगळे स्वर वाजवून बघायचे. ट्यूनर मी फक्त सुरुवातीला वापरतो. तो गार बासरीचा स्वर दाखवतो, आणि मैफलीत बासरी श्वासाने तापलेली असते. नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर सूर साधारण तीस सेंट चढतो, म्हणजे अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा! त्यामुळे शेवटचं कानसकाम मी बराच वेळ आलाप केल्यावर, तानपुरा लावूनच करतो.

या कामाने माझं वाजवणं बदललं. गांधाराचं भोक कणाकणाने वाढवताना तो तानपुऱ्यात कुठे मिसळतो हे इतक्यांदा ऐकलंय, की आता यमन राग वाजवताना बोट आपोआप त्या जागी जातं. माझ्या मते प्रत्येक बासरीवादकाने एक तरी बासरी स्वतः करून पाहावी, बिघडली तरी चालेल.

आता इतर वादकही मागणी करतात. मी आधी त्यांना समोर बसवून वाजवायला सांगतो. कुणाची फुंक जोरकस, कुणाची मऊ. एकाच बासरीवर दोघांचा षड्ज वेगळा लागतो. लहान हाताच्या मुलांना शेवटचं भोक किंचित बाजूला काढून देतो, म्हणजे करंगळीशेजारचं बोट ताणावं लागत नाही. दोरा गुंडाळणं आणि तेल देणं यानंतर. जो वाजवणार त्याच्याच फुंकेवर सगळे स्वर तपासल्याशिवाय बासरी माझ्या घरातून जात नाही.