तुम्ही विचारलंत म्हणून: शॉकअप आधी का?

"जिप्सी उचलायचीय. पाटे आणलेत, शॉकअप दिवाळीनंतर बघू. चालेल ना?" परळीपासून पैठणपर्यंतची गाडीवेडी पोरं मला हेच विचारतात आणि नाही म्हटलं की वाद घालतात. उचलायची म्हणजे नवे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, घालून मारुती जिप्सीची उंची वाढवायची; शॉकअप म्हणजे उसळी जिरवणारी तेलाची नळी (शॉक ॲब्सॉर्बर). शॉकअप विकून मला दमडी मिळत नाही, हे एकदाचं सांगून टाकतो.

मीही असाच वाद घालायचो. पाट्यावर पाटा घासतो, तेवढ्यानं उसळी मरते, असं माझं म्हणणं. थोडी मरतेही. पण पाटा वजन पेलतो, दणका साठवतो आणि साठवलेलं परत फेकतो. ते गिळायचं शॉकअपनं. आतलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं, तापतं, अन् उसळीचा जोर त्या उष्णतेत जिरतो. पाटा कडक केला की परतीचा झटकाही वाढतो.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडं जाताना बालाघाटाच्या उतारावर आमच्या शेताची वाट आहे. पाट्यांनी गाडी दोन इंच उचललेली, शॉकअप जुनेच. मागच्या बाकावर अण्णा. गाडी उचलल्यामुळं शॉकअप उभ्या गाडीतच ताणलेले होते, खाली जायला जागा उरली नव्हती. चाक खड्ड्यात उतरलं, पाट्याला अजून खाली जायचं होतं, पण शॉकअप संपला. खाडकन आवाज झाला, डाव्या शॉकअपचा खालचा डोळा, म्हणजे बोल्ट बसतो ती कडी, तुटला. मी थांबलो नाही. पुढं मुरमाच्या वाटेवर ट्रॅक्टरनं पाडलेल्या आडव्या लाटा. मागचा भाग नाचायला लागला. "हळू घे रे लेका," अण्णा म्हणाले. मी ब्रेक दाबला, पण चाक जमिनीवर टिकतच नव्हतं, मग ब्रेक धरणार कशाला? गाडी आडवी सरकत चरात गेली. अण्णांनी हात टेकवला होता, मनगट मोडलं. ते जुळलं, पण आजही त्या हातानं त्यांना बैलाचा कासरा आवळता येत नाही.

नुसते नवे घेऊनही भागत नाही. चाक पूर्ण लोंबतं सोडा आणि पूर्ण दाबा, दोन्ही वेळा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत माप घ्या, म्हणजे किती लांबीचा शॉकअप हवा ते कळेल. गाडी दणक्यानं खाली बसताना शॉकअप पूर्ण दाबला जायच्या आधी रबरी ठोकळा टेकायला हवा. लांब खडबडीत वाटेवर तेल तापून फेसाळतं, पकड जाते. नायट्रोजन भरलेल्यात दाबामुळं फेस कमी होतो.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर गाडी आहे तशी ठेवा आणि चांगले शॉकअप बसवा. उंची दिसते, शॉकअप कुणाला दिसत नाही, म्हणून तर मीही टाळलं होतं.

अण्णा मात्र म्हणतात, तुझा वेग जास्त होता. मी शॉकअपचं सांगतो. ते ऐकून घेतात अन् पुन्हा तेच म्हणतात. काटा चाळीसवर होता. नवे शॉकअप असते तर त्या वेगाला गाडी धरली असती का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.