बॉलपूल बंद होता तो रविवार

आमचं हॉटेल सुरूर फाट्याजवळ, महामार्गाला लागून आहे. महाबळेश्वर-पाचगणीहून पुण्याकडे परतणाऱ्या गाड्या पसरणी घाट उतरून, वाई ओलांडून नेमक्या जेवणाच्या वेळेला इथे पोचतात. मे महिन्यातल्या रविवारी लहान मूल नसलेली गाडी शोधावी लागते. त्या मुलांपैकी काहींना घाट लागलेला असतो. पोटात मक्याचं पॅटिस, स्ट्रॉबेरी क्रीम, त्यावर पसरणीची वळणं. मी इथे फ्लोअर बघतो, म्हणजे टेबलं, वेटर आणि गिऱ्हाइकं.

त्या रविवारी बारा वाजून दहा मिनिटांनी, गर्दी नुकती चढत असताना, तिनेक वर्षांच्या एका मुलाने आमच्या बॉलपूलमध्ये, म्हणजे मुलांना खेळायला प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेल्या हौदात, उलटी केली.

अशा वेळी वरचे चेंडू पुसून पुन्हा मुलं आत सोडायचा मोह होतो, पण तो आवरावा. उलटी वरच्या थरावर थांबत नाही, चेंडूंच्या फटींतून खालच्या गादीपर्यंत उतरते. मुलाला घाट लागला होता की पोटाचा संसर्ग होता, हे आपल्याला कळत नाही. म्हणून संसर्ग आहे असं धरूनच साफसफाई करायची. हातमोजे आणि मास्क घालून, कागदी टॉवेलने सगळं टिपून दुहेरी पिशवीत बांधायचं. मग चेंडू साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण घाण तशीच राहिली तर औषधाचा जोर तिच्यावरच संपतो. त्यानंतर बाजारातलं ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात २५ मिली, म्हणजे साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग). १० मिनिटं सगळं त्यात ओलं राहिलं पाहिजे. शेवटी साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचं. त्याच बादलीत संडास धुण्याचं ॲसिड कधीही टाकायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. हे पोऱ्यांना दर हंगामात नव्याने सांगावं लागतं, कारण दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायची खोड काही जात नाही. एवढं सगळं वाळेपर्यंत संध्याकाळ होणार होती. मी दोरी बांधून कोपरा बंद केला.

पाटी लावताना लक्षात आलं की बॉलपूल मुलांपेक्षा आमच्या उशिरासाठी होता. रविवारी ऑर्डर घेतल्यापासून ताट टेबलावर यायला २५ मिनिटं लागतात, कधी ३०. तेवढा वेळ मुलं चेंडूंत असायची आणि आईबाप निवांत बसायचे. आता तीच मुलं खुर्चीत असणार होती. दोन-तीन वर्षांचं मूल एका जागी फार तर अर्धा तास टिकतं. त्यातली २५ मिनिटं वाट बघण्यात गेली, तर जेवण येईपर्यंत ते टेबलाखाली असतं.

मी भटारखान्यात गेलो. मुख्य आचाऱ्यांना म्हणालो, “काका, आज बाळांचं आधी सोडायचं. पाच मिनिटांत.”

“पाच मिनिटांत काय सोडू? पापड?”

“मऊ भात, वरण, तूप.”

“कार्डावर नाही.”

“नसू दे. बिलात दही-भात किंवा वरण-भात लावा, त्याच दराने.”

त्यांनी मान हलवली. गर्दीत वेगळा पदार्थ म्हणजे वेगळी शेगडी, ही त्यांची अडचण खरीच होती. पण मऊ भाताला वेगळं काही लागत नाही. हॉटेलातला भात मोकळा शिजवलेला असतो. त्यातला एक वाटी भात दीड वाटी पाण्यात मंद आचेवर ६-७ मिनिटं ठेवायचा आणि डावाच्या पाठीने घोटायचा. असा मध्यम पातेलंभर बारा वाजताच करून बेनमॅरीत, म्हणजे अन्न गरम ठेवायच्या गरम पाण्याच्या पेटीत, ठेवला की वाटीत काढायला अर्धं मिनिट पुरतं. वरणाचं तर त्याहून सोपं. फोडणी पडायच्या आधी एक पातेलं बाजूला काढायचं. बेनमॅरीतलं अन्न ६५ अंशांच्या वर राहिलं पाहिजे. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात जंतू असं विष सोडतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मात्र ६५ अंशांचा भात थेट बाळापुढे चालत नाही. तो पसरट ताटलीत वाढायचा, निवतो लवकर. खोलगट वाटीत वरून निवलेला दिसतो आणि मधला घास जीभ भाजतो.

‘तिखट नको’ असं केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या कागदावर, लिहून का भागत नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि नव्या वेटरलाही नसतं. लाल ग्रेव्ही सकाळीच मिरची घालून शिजलेली असते. ‘कमी तिखट पनीर’ सांगितलं की आचारी वरून साय आणि साखर घालतो, तिखट तिथल्या तिथेच राहतं. मुलासाठी पांढरी ग्रेव्ही सांगावी, पण तिच्यात काजू असतात. काजू-शेंगदाण्याचं वावडं आहे का हे विचारल्याशिवाय ती लावायची नाही. आपल्याकडे कूट कोशिंबिरीत असतं, भाजीत असतं, उपवासाच्या पदार्थांत तर असतंच, आणि वेटरला ते ‘दाणे’ म्हणून दिसत नाही. थालीपिठाच्या गोळ्यात मिरची मळलेलीच असते. इडली चालते, साधा डोसा चालतो, चटणी दूर ठेवायची. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कुणी प्रेमाने मधाचं बोट चाटवत असेल तर नम्रपणे थांबवायचं. मधातल्या जिवाणूंचे बीजाणू त्या वयाच्या आतड्यात रुजू शकतात.

वेटरांना मी त्या दिवशी एकच वाक्य दिलं. पाणी ठेवताना विचारायचं, “ताई, बाळाचं आधी आणू का?” बाकी लाडीगोडी नको. गाल ओढायचा नाही, विचारल्याशिवाय उचलून घ्यायचं नाही. हो म्हणाल्या की केओटीवर कोपऱ्यात ‘बा’ लिहायचं आणि ते कागद वेगळ्या खिळ्याला लावायचे. एकाच खिळ्यावर लावले तर ते रांगेतच जातात. पहिल्या अर्ध्या तासात हा गोंधळ झालाच. ‘बा’ची तीन केओटी मोठ्यांच्या थाळ्यांखाली दबली होती.

एकच्या सुमारास खुर्च्या संपल्या. आमच्याकडे बाळांच्या नऊ खुर्च्या, त्यातल्या दोन मी सकाळीच बाजूला काढल्या होत्या, कारण त्यांचा पायांमधून येणारा पट्टा तुटला होता. फक्त कमरेचा पट्टा असला की बाळ खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. ट्रे हा काही पट्टा नव्हे. दुसरी चूक खुर्ची टेबलाला अगदी चिकटवण्याची. मूल टेबलाच्या कडेला पाय देऊन मागे रेटतं आणि खुर्चीसकट उलटं होतं. पाय पोचणार नाहीत इतकं अंतर ठेवायचं, आणि मागे वाट नको, भिंत हवी. वाटेवर खुर्ची लावली की गरम वरणाचा ट्रे बाळाच्या डोक्यावरून जातो. एसीच्या झोताखालची आणि भटारखान्याच्या झुलत्या दारासमोरची टेबलं मी लहान मुलांना देतच नाही. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला खुर्चीत गादीवर गादी घालूनही बसवायचं नाही, गाद्या सरकतात. त्यापेक्षा आईशेजारी बाकावर, भिंतीच्या बाजूला.

आणि तरीही त्या दिवशी एक भाजलंच.

चौदा नंबरवर एका आईने दुधाच्या पावडरीसाठी गरम पाणी मागितलं. वेटरने चहाच्या बॉयलरचं पाणी उघड्या मगमध्ये आणलं आणि बाळाच्या बाजूने टेबलावर ठेवलं. सव्वा वर्षाचं मूल पुढे झुकलं की त्याचा हात जवळजवळ अर्धा मीटर पोचतो. त्याने टेबलावरचा कापडी मॅट ओढला आणि पाण्याचा मग कलंडला. सुदैवाने पाणी पलीकडच्या बाजूला गेलं, पण डाव्या मनगटावर शिंतोडे उडाले. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाच सेकंदांत खोल भाजतं. बाळाची कातडी त्याहून पातळ, आणि बॉयलरचं पाणी त्याहून कितीतरी गरम.

आतून कुणी टूथपेस्ट आणली, कुणी बर्फ. दोन्ही परत पाठवलं. बाळाचा कडा आधी काढला, नंतर सूज आली की निघत नाही. मग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली हात २० मिनिटं, घड्याळ लावून. आईला पाच मिनिटंच खूप वाटली, कारण मूल रडत होतं. पण आतली उष्णता निघायला तेवढा वेळ लागतोच. बाकीचं अंग कोरड्या टॉवेलात गुंडाळून ठेवलं, नाहीतर बाळ गारठतं. बर्फाने कातडीला आणखी इजा होते आणि पेस्टमुळे डॉक्टरला जखम दिसत नाही. नंतर स्वच्छ कापड सैल ठेवून त्यांना वाईला डॉक्टरकडे पाठवलं, आमच्या गाडीने. जखम हातावर आणि मूल एवढं लहान, तेव्हा लालीच आहे म्हणून घरी सोडायचं नसतं.

चूक वेटरची कमी, माझी जास्त. गरम पाणी कसं द्यायचं हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आता पाणी टेबलावर जात नाही. पालक बाटली घेऊन काउंटरवर येतात आणि आम्ही झाकण असलेल्या जगमधून ओततो. तयार दूध गरम करायचं असेल तर बाटली काउंटरमागेच गरम पाण्याच्या मगात पाच मिनिटं उभी करतो. मायक्रोवेव्हमध्ये नाही. त्यात दूध मधेच कुठेतरी उकळतं आणि बाटली बाहेरून कोमटच लागते. मुलं असलेल्या टेबलावरचे मॅट पाणी ठेवतानाच उचलतो.

अडीचनंतर गर्दी ओसरली तेव्हा मी केओटीचा खिळा बघितला. ‘बा’ची एकोणीस होती. एवढ्या टेबलांवर रडारड झाली होती, भात सांडला होता, पण मूल सांभाळायला आई किंवा बाप अर्ध्या जेवणातून उठून बाहेर फिरतोय हे रविवारचं नेहमीचं दृश्य मला दोनदाच दिसलं. मुलाच्या पोटात दहा मिनिटांत काही गेलं की ते चमच्याने ताटली वाजवत बसतं, आणि तेवढ्यात मोठ्यांची थाळी येते. बिलही मागायच्या आधीच तयार ठेवायचं, कारण जेवण झालेलं मूल मशीनला रेंज यायची वाट बघत नाही.

जाताना बिलाच्या काउंटरवर पुन्हा एकदा काळजात धस्स झालं. बडीशेप-खडीसाखरेची वाटी बरोबर दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीला होती आणि एकाने मूठभर तोंडात टाकली. खडीसाखर टणक आणि ओली झाली की निसरडी, श्वासनलिकेत अडकायला अगदी योग्य. बापाने वेळेवर बोट वाकवून काढली. तोंडात समोर दिसते आहे तोवर काढायची, दिसत नसताना बोट घातलं तर ती आणखी आत जाते. शेजारी दातकोरण्यांचा डबा होता, त्याबद्दल तर बोलायलाच नको. सुट्ट्याऐवजी चॉकलेटच्या गोळ्या द्यायची आमची सवयही त्याच दिवशी बंद केली.

बॉलपूल पुन्हा उघडला नाही. त्या कोपऱ्यात आता मुलांच्या उंचीचं, जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर एक बेसिन आहे, शेजारी मग, कागदी टॉवेल आणि घाट लागलेल्या मुलांसाठी कपडे बदलायला पडद्याआड एक बाकडं. त्याच पडद्याआड आया दूधही पाजतात. लंगोट बदलायचा फळा पट्ट्यासकट बसवला, तो मात्र बायकांच्या बाथरूममध्ये न बसवता बाहेरच्या बोळात, म्हणजे बापालाही वापरता येतो. चेंडू गोणीत भरून माडीवर आहेत. मालक म्हणतात, पुढच्या हंगामात लागतील.