मुली 2

"मुली 2, लग्न होऊन सासरी नांदतात." आज तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर उभ्याउभ्या आमच्या जमिनीच्या जुन्या फेरफाराची, म्हणजे मालकी बदलल्याच्या सरकारी नोंदीची, नक्कल वाचत होते आणि या ओळीवर अडकले.

1962 सालचा फेरफार, आजोबा वारले तेव्हाची वारसनोंद. काका, बाबा, धाकटे काका यांची पूर्ण नावं, वयासकट. आत्यांची नावंच नाहीत. नुसता आकडा.

सापडायलाही तिसरी खेप लागली. गट नंबर सांगून इतकं जुनं काही मिळत नाही, जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडले त्या एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर लागतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो, तो धरून एकेक पायरी मागे जायचं. मग अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, आणि वाट बघणं. शिपाईमामांनी लाल फडक्यातला गठ्ठा सोडला तेव्हा कागदाच्या कडा हाताला लागून तुटत होत्या. त्यांनी पानं इतक्या जपून उलटली की मला भरून आलं.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा दिला होता. म्हणजे या नोंदीच्या सहा वर्षं आधीच.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे. जमिनीचं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "माझं नाव कसं लिहिलंय गं, माहेरचं की सासरचं?"

मला उत्तर देता आलं नाही.

तुमच्या घरच्या जुन्या फेरफारात आत्यांची नावं आहेत का?